तिच्यासाठी आणलेला डबा

सणसरच्या तानूबाईला दोन गोष्टींचा भारी गर्व होता. एक तिच्या हातच्या पाटावरच्या शेवयांचा, आणि दुसरा याचा, की तिच्या घरात पोटुशी बाईचे डोहाळे कधी राहिले नव्हते. पहिला गर्व ती स्वतः सांगत नसे, लोकांनी सांगावा म्हणून वाट बघे. दुसरा मात्र स्वतः सांगे, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगे.

त्याला कारणही तसंच होतं. यशराज पोटात असताना तिला करवंदं खावीशी वाटली होती. तेव्हा घरात मेंढरं होती आणि सगळं बिऱ्हाड त्यांच्यामागं फिरत असे. मेंढरांचा तळ तेव्हा घाटाखालून देशावर परतलेला, आसपास करवंदाचं पानही दिसणार नाही असा मुलूख. तिची सासू सारजा कुणाला काही न बोलता उठली, घाटाच्या वाटेला लागली आणि पळसाच्या पानात करवंदं बांधूनच परत आली. "डोहाळं मारलं की लेकराचा कान फुटतो," एवढंच म्हणाली आणि पायातले काटे काढत बसली. यशराजचे दोन्ही कान आजही ठणठणीत आहेत. ऐकत मात्र तो कुणाचं नाही.

पुढं मेंढरं गेली, कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, दारात म्हैस आली. सारजाही गेली. घरातल्या डोहाळ्यांचा मान तानूबाईकडे आला आणि सून वैष्णवीच्या रूपानं तिची पहिली परीक्षा दारात उभी राहिली.

वैष्णवी सांगवीची. नर्सिंग शिकलेली, आणि लग्नाआधी थेट जपानला जाऊन आलेली. तिथल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करायची नोकरी होती. विमानात बसलेली सून म्हणून तानूबाई तिला आठवडे बाजारातही मिरवून आणायची. पण दिवस गेल्यापासून पोरीचं अन्नावरचं मनच उडालं. ओकाऱ्या थांबल्या, सातवा लागला, तरी तोंडाला चव नाही. फोडणीचा वास आला की ती नाकाला ओढणी लावून अंगणात जाऊन बसे. बारामतीच्या डॉक्टरीणबाई वजनाच्या काट्याकडे बघून दर खेपेला म्हणत, "बाळ आईच्या अंगातून घेतंय. पण आईनं कुठून घ्यायचं? हिला खाऊ घाला."

तानूबाईनं काय करायचं ठेवलं नव्हतं. अळिवाचे लाडू झाले, गव्हाची खीर झाली, गावठी कोंबडीचा रस्सा झाला. वैष्णवी दोन घास खाई आणि सासूला वाईट वाटू नये म्हणून हसत ताट बाजूला सारी. ते हसणंच तानूबाईच्या जिव्हारी लागे. शेवटी तिनं सुनेला समोर बसवलं.

"खरं सांग, काय खावंसं वाटतंय? लाजू नगं."

वैष्णवीनं मान खाली घातली. "आत्ती, मिसो."

तानूबाईच्या हातातलं सूप खाली पडलं, गहू सगळ्या घरभर झाले. तिला ऐकू आलं होतं 'मिसरी'. म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखू. ती स्वतः रोज सकाळी दाताला लावायची आणि सुनेची नजर चुकवून डबी कोनाड्यात मागं सारायची.

"अगं बया! पोटुशीपनी मिसरी? माजं बघून शिकलीस व्हय? घे, आत्ताच्या आत्ता डबी उकिरड्यावर टाकते!"

आणि खरंच उठली की! तिला दारातून माघारी आणताना वैष्णवीला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी पोरगी पोट धरून हसत होती, त्यामुळं तानूबाईला आपल्या चुकीचं फारसं वाईट वाटलं नाही. डबी मात्र कोनाड्यात होती तिथंच राहिली.

मग वैष्णवीनं नीट समजावून सांगितलं. मिसो म्हणजे शिजवलेलं सोयाबीन मीठ आणि आंबवण घालून महिनोन् महिने मुरवायचं, त्याचा होणारा घट्ट लगदा. वृद्धाश्रमात एक आजी होती. तिला स्वतःच्या मुलांची नावं आठवत नसत, पण शेजारी उभी राहून ती वैष्णवीकडून हा पदार्थ बिनचूक करून घेई. शेवया उकडून गार पाण्यातून काढायच्या. त्यावर बारीक चिरलेलं गाजर, काकडी, पालेभाजी, उकडलेलं अंडं. आणि वरून मिसोचं कालवण. त्यात वाटलेले तीळ, थोडं गोड, थोडं आंबट. परक्या मुलखातल्या पहिल्या हिवाळ्यात, घरच्या आठवणीनं घास उतरत नसताना, हे एवढंच तिला गेलं होतं.

"म्हंजी गार शेवया," तानूबाईनं खातरजमा केली. "तिखट न्हाय?"

"न्हाय."

"आन् फोडणी?"

"फोडणी तर अजिबातच न्हाय, आत्ती."

फोडणीशिवाय जेवण वाढायचं म्हणजे तानूबाईला डोक्यावरच्या पदराशिवाय बाजारात जाण्यासारखं. पण डोहाळे ते डोहाळे. त्यांत आपली अक्कल चालवायची नसते, हे सारजानं शिकवलं होतं. ती म्हणाली, "शेवयाचं माज्याकडं लागलं. ती मिसो का काय, ती यशराज आनंल."

यशराज, म्हणजे वैष्णवीचा नवरा, लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत जनावरांचं खाद्य बनवणाऱ्या एका कारखान्यात नमुने तपासायच्या कामाला होता. त्यानं पुण्याच्या मित्राला मिसो पाठवायला सांगितलं. मित्र आज पाठवतो, उद्या पाठवतो करत राहिला आणि डोहाळजेवण येऊन ठेपलं. पहिलटकरीण असल्यामुळं ते झालं की तिची आई जयवंता तिला बाळंतपणासाठी सांगवीला नेणार होती. जयवंता स्वभावानं वाईट नव्हती, पण तिच्या गोड बोलण्यात एखादा खडा असायचाच. फोनवर म्हणाली, "काय ऱ्हायलं असंल तर ऱ्हाऊ द्या, ईनबाई. डोहाळं म्हायेरी बी पुरवता येत्यात."

फोन ठेवल्यावर तानूबाईला पाणी गोड लागेना. सारजाच्या घरातले डोहाळे सांगवीला जाऊन पुरायचे? पोरीनं उपाशी तोंडानं हा उंबरा ओलांडायचा? छे!

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी यशराज कामावर निघाला, तेव्हा तानूबाईनं त्याला आणखी एक काम सांगितलं होतं. दारातली म्हैस चंद्री गाभण होती आणि तीही दोन दिवस वैरणीला नुसतं नाक लावत होती. "तुज्या कंपनीतनं हिला कायतरी ताकदीचं आन," असं ती म्हणाली होती. कारखान्यातले असले नमुन्यांचे डबे त्याच्या पिशवीतून नेहमी यायचेच.

दुपारी तो आला तो उभ्या उभ्याच. त्याला इंदापूरला जाऊन मंडपाचं सामान आणायचं होतं. मोटारसायकल चालूच ठेवून त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक डबा कट्ट्यावर सारला आणि ओरडला, "आई, डबा ठिवलाय. तिच्यासाठी आनलाय. ताकदीचा हाय, पर थोडं थोडंच घाल, लय खारट आसतंय!" आणि धुरळा उडवत गेला.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. यशराज शिकलेला, फोनवर बायकोला नावानं हाक मारणारा पोरगा. पण आई-आबांसमोर तिचं नाव त्याच्या ओठावर येत नसे. त्याच्या आजानं कधी घेतलं नाही, बापानं घेतलं नाही, यानंही घेतलं नाही. घरात वैष्णवी म्हणजे 'ती'. आणि त्या दिवशी तानूबाईच्या डोक्यात 'ती' म्हणजे चंद्री म्हैस होती.

तानूबाईनं डबा उघडला. आत तपकिरी लगदा, वास थेट भिजवलेल्या पेंडीचा. झाकणावर सोयाबीनची शेंग आणि न वाचता येणारी अक्षरं. शंका यायला जागाच नव्हती. ती गोठ्यात गेली, घमेल्यात आंबोण कालवलं आणि लगदा घातला. पोरगा थोडं थोडं घाल म्हणाला होता, पण पोटुशा जिवाला मोजून घालणं तानूबाईच्या रक्तात नव्हतं. डबा जवळजवळ सगळा उपडा केला. दोन दिवस नखरे करणारी चंद्री घमेल्यात तोंड घालून जी सुटली, ती घमेलं चाटूनपुसून लख्ख करूनच थांबली. तानूबाईनं समाधानानं तिच्या पाठीवर थाप मारली आणि डबा गोठ्याच्या भिंतीवर ठेवला. झाकणाचा डबा होता, जिऱ्याला कामाला आला असता.

ती घरात आली, तर वैष्णवी झोपेतून उठून कट्ट्यावर काहीतरी शोधत होती. किती महिन्यांनी तिच्या तोंडावर उजेड होता.

"आत्ती, डबा कुठंय? ह्यांचा फोन आलता. पुण्याहून मिसो आली म्हणाले!"

तानूबाईची नजर खिडकीतून गोठ्याकडं गेली. क्षणभर तिला वाटलं, सांगून टाकावं. पण त्या पोरीच्या तोंडाकडं बघून तिनं बेत बदलला. "आलीया," ती म्हणाली. "मी ठिवलीया. आज उघडायची न्हाय. उद्या डोहाळजेवनालाच."

"नुसता वास तरी घेऊ द्या."

"उद्या!"

आणि ती जी निघाली ती थेट गोठ्यात. भिंतीवरचा डबा काढून उन्हात धरला. डब्याच्या कडांना, तळाच्या खाचेत, झाकणाच्या आतल्या बाजूला लगदा चिकटलेला होता. तिनं करंगळीनं टिपूसभर घेऊन जिभेवर ठेवला. खारट तर होतंच, पण नुसतं खारट नव्हतं. लोणच्याच्या बरणीच्या तळाशी वर्षभर मुरलेल्या खाराची चव मागून येत होती, आणि तिच्याही मागं भाजल्या डाळीची. तानूबाई तशीच उभी राहिली. 'पोरीची जीभ खोटी न्हाय,' ती मनात म्हणाली. 'असलं चाखल्यावर मानूस इसरंल कसं?' आणि एवढा मौल्यवान ऐवज आपण म्हशीच्या घमेल्यात ओतला म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण रडत बसणारी ती नव्हे. तुपाचं भांडं रिकामं झालं म्हणजे संपलं, असं तिच्या घरात कधी झालं नाही. खरवडायचं, मग कोमट पाणी घालून खळबळायचं, आणि ते पाणी आमटीत. मेंढरांमागं फिरणाऱ्या बाईनं काटकसरीनं संसार केलेला असतो, तिला भांड्याचा तळ शिकवावा लागत नाही. तिनं चमच्याच्या देठानं खाच नि खाच खरवडली. मग घोटभर कोमट पाणी घालून झाकण लावून डबा हलवला आणि ते पाणीही वाटीत उतरवून घेतलं. सगळं मिळून एका ताटापुरतं झालं, जेमतेम. बिघडलं तर दुसरा डाव नव्हता.

पहाटे तिनं शेवयांचा पाट बाजेवर तिरका लावला. खपली गव्हाच्या रव्याची कणीक रात्रीच तिंबून ठेवली होती. पाटावर एकीनं वळायचं आणि सुटणारे दोर दुसरीनं काठीवर झेलायचे, असं ते दोघींचं काम. दुसरी कुठून आणायची? तिनं नवऱ्याला, गेणूआबाला, उठवलं.

"मी? शेवया?" गेणूआबा डोळे चोळत म्हणाला. "अगं, मी मेंढरं धरलेला गडी."

"मंग धरा की. ही तर पळत बी न्हाईत."

आबानं काठी धरली. तानूबाईच्या तळव्याखालून बारीक, एकसारखे दोर सुटू लागले आणि म्हातारा श्वास रोखून ते झेलू लागला. "तेवढं झालं की म्हशीकडं बघतो," तो मधेच म्हणाला. "कालपास्नं बादल्यावर बादल्या पानी पितीया. काय झालंय कळंना." तानूबाईनं कणकेवरून मान वर केली नाही.

जयवंता सकाळीच जीप भरून आली. वैष्णवीला हिरवी साडी नेसवली, फुलांचे दागिने घातले, झोपाळा सजला. बायका ओटी भरत होत्या, गाणी म्हणत होत्या. तानूबाई चुलीजवळ एकटी होती आणि तिनं आत कुणाला येऊ दिलं नाही. शेवया उकळत्या पाण्यात सोडल्या, कच्च्या राहू नयेत आणि गिजगा होऊ नये अशा नेमक्या वेळी काढल्या, माठातल्या पाण्यात धुतल्या. गाजर-काकडीचे काडीसारखे काप केले. मेथीची कोवळी पानं, मोडाची मटकी वाफवून, अंडं उकडून. पाट्यावर तीळ आणि मूठभर शेंगदाणे वाटले, त्यात चिमूटभर गूळ, लिंबाचा रस, आणि मग वाटीतला तो ऐवज, शेवटच्या थेंबापर्यंत. चाखून बघायला तिचं बोट पुढं गेलं आणि तिनं ते मागं घेतलं. एका ताटाचाच माल, त्यात बोट कशाला घालायचं? न चाखता जेवण वाढायची ही तिची आयुष्यातली पहिली वेळ. कढईकडं, मोहरीच्या डब्याकडं तिनं एकदा बघितलं, आणि नजर फिरवली.

ताट झोपाळ्यापुढच्या पाटावर ठेवलं, तेव्हा गाणी थांबली. "ह्ये काय, ईनबाई?" जयवंता म्हणाली. "सनासुदीला गार शेवया? आन् वर पाला?" बायका एकमेकींकडं बघू लागल्या.  तानूबाई फक्त सुनेच्या तोंडाकडं बघत होती.

वैष्णवीनं कालवलं. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.  दुसरा घास गेला. तिसरा गेला. मग पोरगी बोलायचीच थांबली आणि नुसती जेवत राहिली. शेवया, काप, अंडं, तळाशी राहिलेलं कालवणही तिनं बोटानं निपटून घेतलं. सातव्या महिन्यापर्यंत जिनं ताट रिकामं केलं नव्हतं तिचं ताट धुतल्यासारखं झालं.

"झालं का गं त्या म्हातारीवानी?" तानूबाईनं विचारलं.

"न्हाय, आत्ती."

जयवंतानं हळूच सुस्कारा सोडला. पण वैष्णवीचं बोलणं संपलं नव्हतं. "तिच्या हातचं खाताना मला घर आठवायचं," ती म्हणाली. "आज काही आठवलंच न्हाय. नुसती जेवले."

तानूबाईनं पदर डोळ्यांना लावला. काल दुपारपासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. असा गर्व तिला शेवयांचाही कधी वाटला नव्हता.

जयवंतालाही लेकीचं रिकामं ताट बघून भरून आलं होतं, पण हार मानेल तर ती जयवंता कसली? "लय चांगलं केलंसा, ईनबाई," ती म्हणाली. "मंग तो डबा बांधून द्या. मोठा डबा आलाय म्हनं. सांगवीला न्हेते आन् रोज करून घालते."

इतक्यात गोठ्यातून चंद्री हंबरली. गेणूआबा रिकामी बादली घेऊन अंगणात आला. "अगं, ही पानी पिऊन पिऊन फुटायची! काय खायला घातलंस काय हिला?"

तानूबाईनं विहिणीकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं, आणि खोटं बोलायचा विचारही तिच्या मनात आला नाही. जिंकलेल्या बाईला खोट्याची गरज काय? "डबा न्हाय," ती म्हणाली. "डबा म्हशीनं खाल्ला. मीच घातला. मी ताटात घातलं ती त्याची खरवड."

 मग तिनं मंडपाच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या यशराजकडं बोट केलं. "ह्यो येतो आन् वरडतो, तिच्यासाठी आनलाय. आता ह्या घरात दोघी पोटुश्या! मानसानं समजायचं काय? बायकूचं नाव घ्याया तुजी जीभ झडती व्हय रं?"

हशा असा पिकला की झोपाळ्याची फुलं गळाली. वैष्णवी तर मिसरीच्या दिवसासारखी पोट धरून हसत होती. बायकांनी यशराजला खांबापासून सोडवून पुढं ढकललं. नाव घे, नाव घे! पोराचे ते ठणठणीत कान लालबुंद झाले. त्यानं आबांकडं बघितलं, आबांनी बादलीत बघितलं. शेवटी सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला:

"खपलीच्या शेवयांना तिळाचा साज,
वैष्णवीचं नाव घेतो आईसमोर आज."

टाळ्या वाजल्या. जयवंतानं हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसलं, आणि शेवटचा खडा टाकलाच. "कायबी म्हना, ईनबाई. माज्या लेकीच्या तोंडचं तुमच्या म्हशीनं खाल्लं."

तानूबाईनं पदर सावरला. मान अशी ताठ केली, की सारजा असती तर तिनंही बघत राहावं.

"खाऊ द्या की, ईनबाई. गाभण हाय ती. ह्या घरात सुनंचं डोहाळं ऱ्हात न्हाईत, आन् म्हशीचं बी न्हाय."